इंडस क्रीड आणि 'इव्हॉल्व्ह' : सुरेल रॉकचा ग्रंजकडे झुकलेला अल्बम

'इव्हॉल्व्ह' हा मुंबईच्या इंडस क्रीड या रॉक बँडचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अल्बम आहे. यात आठ गाणी आहेत आणि ती सर्व इंग्रजीत आहेत. बँडची स्थापना १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने झाली. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले, १९९७ मध्ये बँड थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. पुनरागमनानंतरचा हा पहिला अल्बम. त्याआधीचा अल्बम १९९५ चा, म्हणजे मध्ये तब्बल सतरा वर्षांचे अंतर. या अंतरात बँडचा आवाज बदलला. आधीची गोड चालीची, हात उंचावून गायची गाणी जाऊन गिटार जड झाली, गाण्यांचा रंग गडद झाला आणि ऐकणाऱ्याला अमेरिकेतल्या 'ग्रंज' संगीताची आठवण व्हावी असा बाज आला. चाल मात्र सुटली नाही.

आमच्या मंडळाच्या संगीत विभागात आजवर भजन, नाट्यगीत, लावणी, भावगीत यांवर लेख आले. मुंबईतल्या इंग्रजी गाणाऱ्या बँडवर लेख कशासाठी, असे काही सभासद विचारतील. कारण घरचेच आहे. सौंसर-पांढुर्ण्याची बरीच मुले शिकायला नागपूर, पुणे, इंदूर, भोपाळला जातात आणि सुट्टीत परत येताना खांद्यावर गिटार घेऊन येतात. गणेशोत्सवात कार्यक्रमाची यादी ठरताना त्यांना एक गाणे द्यायचे की नाही यावर वाद होतो. द्यायचे ठरलेच तर "ओळखीचं काहीतरी वाजवा" अशी अट असते. ही अट इंडस क्रीडच्या मंडळींनाही त्यांच्या काळी होती. तिचे त्यांनी काय केले हे माहीत असावे, म्हणून हा लेख.

रॉक मशीन

ऐंशीच्या दशकातल्या मुंबईत इंग्रजी रॉक वाजवणारी मुले कमी नव्हती. कॉलेजांचे महोत्सव होते आणि धोबीतलावाजवळचे रंगभवन हे उघडे नाट्यगृह होते. तिथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव होऊ लागला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन या कार्यक्रमांसाठी बंद झाले, पण एका पिढीच्या आठवणी त्या जागेशी जोडलेल्या आहेत. या मंचांवर बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत. प्रेक्षक लेड झेपलिन, डीप पर्पल यांची गाणी ऐकायला येत, आणि ती जितकी हुबेहूब तितक्या टाळ्या जास्त. स्वतःचे गाणे सुरू केले की लोक चहा प्यायला उठत.

रॉक मशीननेही सुरुवात अशीच केली. महेश तिनईकर आणि जयेश गांधी हे गिटारवादक, मार्क सेल्विन बासवर, पुढे मार्क मेनेझिस ड्रम्सवर आणि झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. मुख्य गायक म्हणून उदय बेनेगल आले आणि बँडचा चेहरा तेच झाले. या मंडळींनी ठरवून स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला.

हा भारतातला पहिला स्वतःच्या गाण्यांचा रॉक अल्बम, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या तबकड्या निघाल्या होत्या, मुंबईच्याच अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' होती. रॉक मशीनचे वेगळेपण असे की त्यांनी आपली गाणी मंचावर सतत, हट्टाने वाजवली आणि लोकांना ती पाठ करायला लावली. पुढच्या बँडना "आमचं गाणं" म्हणायचे धाडस आले ते यामुळे, असे आम्हाला वाटते.

या काळातला त्यांचा आवाज म्हणजे सरळ सुरेल हार्ड रॉक. मोठे ध्रुवपद, मागे सगळ्यांनी मिळून धरलेला सूर, मध्ये गिटारची चमकदार तान. अमेरिकेत तेव्हा बॉन जोव्ही, व्हॅन हेलन यांचा जमाना होता आणि तो रंग यात उघड दिसतो. आज ऐकताना काही गाणी जुनाट वाटतात. चाली मात्र टिकल्या आहेत.

टीव्ही आला, नाव बदलले

१९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू झाला आणि त्याच्यासोबत एमटीव्ही घरात आला. आमच्याकडे केबल पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचल्यावर मोहल्ल्यातल्या एका घरी जमून मुले रात्री ते बघत हे अनेक सभासदांना आठवत असेल. त्या परदेशी चेहऱ्यांत अचानक आपल्याकडची माणसे दिसली. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला १९९३ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी बँडने नाव बदलले. 'रॉक मशीन' हे नाव कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडला चालले असते. 'इंडस' म्हणजे सिंधू आणि 'क्रीड' म्हणजे श्रद्धा, पंथ. या नावाने गाणारे कुठले आहेत हे आधी कळते. भाषा इंग्रजीच राहिली, वाद्ये तीच राहिली, पण आपण दुसऱ्याची नक्कल करणारे यंत्र नाही एवढे त्या नावाने सांगितले.

आमच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी, नोकरीत इंग्रजी. तुम्ही कुठले, हा प्रश्न महाराष्ट्रात गेलो तरी विचारतात आणि भोपाळला गेलो तरी विचारतात. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा पाटीवरचे नाव बदलले आणि कित्येकांना पत्ता लिहिताना वेगळेच वाटले. नाव म्हणजे नुसती पाटी नव्हे हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ग्रंज म्हणजे काय

हा भाग जरा सविस्तर, कारण शब्द सगळे वापरतात आणि अर्थ क्वचितच सांगतात.

ग्रंज हा अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या सिएटल शहरात वाढलेला रॉकचा प्रकार. शब्दाचा अर्थच मळ, कचरा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या 'सब पॉप' या छोट्या कंपनीने असे बँड पुढे आणले. १९९१ मध्ये पर्ल जॅमचा 'टेन', निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आणि साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' हे तीन अल्बम काही आठवड्यांच्या अंतराने आले आणि चमकदार कपड्यांचा, उंच आवाजाचा हार्ड रॉक पाहता पाहता मागे पडला. १९९२ मध्ये अ‍ॅलिस इन चेन्सचा 'डर्ट' आला. एप्रिल १९९४ मध्ये निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने आत्महत्या केली. त्यानंतर ही लाट ओसरत गेली, पण तिचा आवाज जगभरच्या गिटारमध्ये राहिला.

आता हा आवाज कसा तयार होतो ते आपल्या ओळखीच्या गोष्टींवरून पाहू.

तानपुरा जुळवताना आपण एक तार पंचमाची आणि बाकीच्या षड्जाच्या लावतो. सा आणि प एकत्र वाजले की भरीव नाद येतो, पण राग कोणता ते कळत नाही, कारण गंधार अजून आलेला नसतो. ग्रंजमध्ये गिटारवर बहुधा हेच दोन सूर एकत्र छेडतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गिटारचा आवाज मुद्दाम फाडला, म्हणजे 'डिस्टॉर्शन' लावले, की तिसरा सूर घातल्यास सगळे गढूळ होते. म्हणून सा-प पुरे. गंधार शुद्ध की कोमल हे गायकाच्या गळ्यावर सोडलेले असते. एका परीने तानपुरा आणि गायक हेच नाते, फक्त तानपुरा गुरगुरतो.

दुसरी गोष्ट खालच्या तारेची. गिटारची सर्वांत जाड तार पूर्ण एका स्वराने उतरवतात, सा वरून मंद्र कोमल निषादावर आणावी तशी. याला 'ड्रॉप डी' म्हणतात. तार सैल झाली की आवाज जड होतो आणि पॉवर कॉर्ड एका बोटाने धरता येतो. साउंडगार्डनने याचा भरपूर वापर केला.

तिसरी गोष्ट लहान-मोठ्या आवाजाची. आपल्या भजनात गजर हळूहळू चढतो. टाळ संथ सुरू होतात, मग द्रुत, मग सगळे उभे राहतात. ग्रंजमध्ये चढण नसते. कडवे जवळजवळ कुजबुजीत आणि ध्रुवपदाला एकदम दार आपटल्यासारखा स्फोट. ही युक्ती निर्वाणाच्या आधी पिक्सीज या बँडने वापरली होती, हे कोबेनने स्वतःच कबूल केले होते.

आणि गळा. ग्रंजचा गायक सुंदर गाण्याचा प्रयत्न करत नाही. आवाज घोगरा, कधी फाटलेला. हे ऐकून आमच्यातल्या ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात, पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ज्या भागात गावोगाव गायली जातात तिथे हे फार परके वाटू नये. खंजिरीवर थाप मारून मोकळ्या रांगड्या आवाजात गाणाऱ्याला कुणी "आवाज तलम नाही" म्हणून खाली बसवत नाही. तो मनापासून म्हणतो आहे की नाही एवढेच पाहतात. आशय अगदी वेगळा आहे. तिथे उपदेश आणि भक्ती, इथे एकटेपणा आणि चीड. कानाची तयारी मात्र तीच लागते.

तालाचेही एक. रॉक म्हणजे चार मात्रांचा ठोकळा, हा समज सर्वत्र आहे. साउंडगार्डनचे 'स्पूनमन' सात मात्रांवर चालते. आपल्या तबला शिकणाऱ्या मुलांना ते ऐकवा आणि रूपक धरायला सांगा. मुले हसतात आणि मग दोन-चार आवर्तनांत धरतातही.

चाल आणि ग्रंज यांचे वैर आहे असेही समजू नये. अ‍ॅलिस इन चेन्समध्ये लेन स्टेली आणि जेरी कॅन्ट्रेल दोघे मिळून वेगवेगळ्या पट्टीत गात. आवाजाची भिंत काढून टाकली तर खाली उरते ते शुद्ध गाणे. सुरेल रॉक वाजवणारा बँड ग्रंजकडे वळू शकतो तो याच वाटेने.

१९९५ चा अल्बम आणि थांबणे

१९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. पूर्वीचा चकाकता हार्ड रॉक त्यात मागे सरला होता आणि भारतीय रंग मिसळू लागले होते. बँडच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसाचा टप्पा, पण वेळ चुकली. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' आले, १९९६ मध्ये लकी अलीचे 'ओ सनम'. वाहिन्यांना आणि कंपन्यांना हिंदी पॉपमध्ये बाजार दिसला. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारवरून गेला होता आणि त्याच्या जागी चॅनल व्ही आला. १९९६ मध्ये एमटीव्ही परतला तो हिंदी बोलत. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडला पडद्यावरची जागा आक्रसली. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला.

उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा बँड काढला. बेनेगल काही वर्षे न्यूयॉर्कला राहिले. परतल्यावर त्यांनी आणि तिनईकरांनी 'व्हर्लिंग कलापाज' नावाने विजेच्या गोंगाटाशिवाय, साध्या गिटारवर गाणी वाजवली.

या काळात लहान शहरांतल्या मुलांना रॉकची बातमी कशी मिळे? मोठा वाटा 'रॉक स्ट्रीट जर्नल' या मासिकाचा. १९९३ मध्ये ते निघाले ते मुंबई किंवा बंगळुरूहून नव्हे, तर अलाहाबादहून, अमित आणि शेना सैगल या दांपत्याने काढले. हिंदी पट्ट्यातल्या एका शहरातून देशभरच्या इंग्रजी रॉकचे मासिक निघते ही गोष्ट आम्हाला फार आवडते. कॅसेटचे म्हणाल तर पांढुर्ण्याच्या बाजारात प्रल्हाद शिंदे आणि अनुप जलोटा मिळत, हिंदी सिनेमा मिळे. रॉकच्या कॅसेटसाठी नागपूरला सीताबर्डीवर जावे लागे. तेव्हा सौंसरहून छोट्या लाईनची गाडी होती. गाडीत बसून कॅसेटचे कव्हर वाचून पाठ होई आणि गाणे मात्र घरी पोचल्यावरच ऐकायला मिळे.

'इव्हॉल्व्ह'

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीचे वादक आले. जुने बँड परततात ते बहुधा जुनी गाणी वाजवायला. लोकांनाही तेच हवे असते. या पाच जणांनी नवीन गाणी लिहिली आणि अल्बमचे नावही 'उत्क्रांत व्हा' असे ठेवले. नाव जरा भाषणासारखे आहे, पण काम नावाला शोभेसे आहे.

पहिला बदल गिटारमध्ये. रॉक मशीनच्या काळात तिनईकरांची गिटार पुढे येऊन चमकायची. इथे ती गाण्याच्या पोटात राहते. जाड, खालच्या पट्टीत, सारखी परत परत येणारी छोटी वाक्ये वाजवते. त्याला रिफ म्हणतात. तबल्यातल्या ठेक्याने गाणे धरून ठेवावे तसे रिफ गाणे धरून ठेवते. तान येते, पण बऱ्याच उशिरा आणि गरज असेल तेव्हाच.

दुसरा बदल गळ्यात. बेनेगलांचा आवाज मुळात स्वच्छ, वर सहज जाणारा. पंचविशीतला गायक उंच सूर लावतो तो लावता येतो म्हणून. इथे ते बराच वेळ खालच्या सप्तकात थांबतात आणि सूर चढवतात तेव्हा त्यात धार येते. घोगरेपणाचे सोंग ते करत नाहीत, ही त्यांची समजूतदारी. ग्रंजची नक्कल करणारे पुष्कळ भारतीय बँड नेमके तिथेच फसले. सिएटलच्या गायकासारखे ओठ आवळून गायला लागले आणि शब्द गिळून टाकू लागले. बेनेगलांचे शब्द कळतात.

तिसरी गोष्ट कीबोर्डची, आणि इथे अल्बम ग्रंजपासून दूर जातो. सिएटलच्या त्या बँडांत कीबोर्ड जवळपास नसेच. बालापोरियांचा कीबोर्ड या अल्बमभर पसरलेला आहे. कधी धुक्यासारखा मागे, कधी पियानो होऊन पुढे. त्यामुळे गाण्यांना लांबी आणि खोली येते आणि काही ठिकाणी ती सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकतात. 'फायरफ्लाइज', म्हणजे काजवे, हे अल्बममधले सर्वांत परिचित गाणे याचे उदाहरण. 'द मनी' आणि 'टेक इट हार्डर' यांत गिटारचा जडपणा जास्त जाणवतो.

आता मिश्रणाबद्दल. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्य वेगळे घेतात. मग कोणते किती मोठे, कोणते डावीकडे, कशावर किती घुमारा हे ठरवून सगळे एकत्र बसवतात. स्वयंपाक झाल्यावर ताट वाढण्यासारखे हे काम, आणि ताट वाढणाऱ्याने बिघडवलेल्या पंगती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. 'इव्हॉल्व्ह'चे मिश्रण टिम पामर यांनी केले. हेच ते पामर ज्यांनी १९९१ मध्ये पर्ल जॅमच्या 'टेन'चे मिश्रण केले होते. म्हणजे ग्रंजच्या पायाभूत अल्बमला हात लागलेला माणूस वीस वर्षांनी मुंबईच्या बँडच्या गाण्यांवर काम करत होता.

या एका धाग्यावर जास्त भार मात्र टाकू नये. 'टेन' हा ग्रंजमधला सर्वांत सुरेल आणि सर्वांत घुमारदार अल्बम. पुढे पर्ल जॅमला स्वतःलाच तो घुमारा जास्त वाटला आणि २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायन यांच्याकडून त्यांनी नवे मिश्रण करून घेतले. पामरांची ओढ मोकळ्या, विस्तीर्ण आवाजाकडे आहे. इंडस क्रीडच्या जड गिटारांमधूनही चाल स्पष्ट ऐकू येते ती काही अंशी या हातामुळे. मिश्रण करणाऱ्याने बँडला ग्रंज केले असे नाही. जड झालेल्या बँडला सुरेल ठेवायला त्याची मदत झाली, असे म्हणणे जास्त बरोबर.

हा ग्रंज आहे का?

काटेकोर अर्थाने नाही. ग्रंज एका शहराचा, एका दशकाचा आवाज होता. विशी-पंचविशीतल्या, हाती फार काही नसलेल्या मुलांनी स्वस्त वाद्यांवर वाजवलेला. 'इव्हॉल्व्ह' वाजवणारे मूळ तिघे तेव्हा तरुण राहिले नव्हते आणि वाद्यांवर त्यांची पकड पक्की होती. ग्रंजमधला ओबडधोबडपणा त्यात शोधूनही सापडत नाही. आमच्या मते हीच अल्बमची उणीवही आहे. काही ठिकाणी सगळे इतके नीट बसलेले आहे की एखादी तार तुटावी, कुणी ताल सोडावा असे वाटते.

घेतला आहे तो ग्रंजचा गाभा : खालच्या पट्टीतला जडपणा, कुजबुज आणि स्फोट यांचा खेळ, दिखाऊ वादनाला फाटा, आणि आनंदी शेवटाची घाई नसणे. हे त्यांनी १९९२ मध्ये, लाट भरात असताना घेतले असते तर ती फॅशन ठरली असती. तेव्हा भारतातले अनेक बँड रातोरात चौकटीचे शर्ट घालून उभे राहिले होते. वीस वर्षे थांबून, त्यावर कुणी पैसे लावत नसताना घेतले म्हणून ते पचलेले वाटते.

आमच्या मुलांचा प्रश्न

गिटार वाजवणारी मुले आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारतात : स्वतःचे गाणे लिहायचे तर कोणत्या भाषेत? इंग्रजीत लिहिले तर गावात कुणाला कळत नाही. हिंदीत लिहिले तर सिनेमाचे वाटते. मराठीत लिहिले तर नागपूरपलीकडचे मित्र हसतात, आणि आमची बोली लिहिली तर पुण्याचे हसतात.

इंडस क्रीडने इंग्रजी निवडली कारण त्यांच्या मुंबईत, त्यांच्या मित्रांत ती रोजची भाषा होती. त्यासाठी त्यांनी किंमतही मोजली. हिंदी पॉपच्या काळात भाषा बदलून टिकता आले असते, ती वाट बँडने घेतली नाही. दिल्लीच्या इंडियन ओशनने वेगळे केले. त्यांच्या २००० सालच्या 'कंदिसा' या अल्बमचे शीर्षक गीत अरामाईक भाषेतल्या जुन्या ख्रिस्ती प्रार्थनेवर आहे, आणि ती भाषा न कळणाऱ्या लाखो लोकांनी ते डोक्यावर घेतले. म्हणजे भाषा समजली नाही तर गाणे पोचत नाही, हे काही सिद्ध झालेले नाही. सौंसरच्या घरात जी मराठी बोलतात, हिंदीचे शब्द सहज मिसळलेली, तिच्यात जड गिटारीवरचे गाणे आम्ही अजून ऐकलेले नाही. ऐकायला आवडेल, आणि यादीत त्याला जागा मिळावी म्हणून आम्ही बैठकीत बोलू.

ऐकायचे कसे

आधी 'प्रिटी चाइल्ड' ऐकावे, म्हणजे बँड कुठून निघाला ते कळते. मग पर्ल जॅमच्या 'टेन'मधली एक-दोन गाणी. त्यानंतर 'फायरफ्लाइज' आणि मग 'इव्हॉल्व्ह' पूर्ण, गाण्यांचा क्रम न बदलता. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नये, बास आणि खालची तार त्यात गायबच होते आणि उरतो तो नुसता चरचराट. ज्येष्ठांना जो गोंगाट वाटतो तो पुष्कळदा हाच असतो. बऱ्या स्पीकरवर, आवाज मध्यम ठेवून, एकदा घरच्या सगळ्यांनी बसून ऐकावे. आजोबांना पहिले गाणे संपेपर्यंत खोलीत थांबवता आले तर दुसऱ्याला ते बहुधा स्वतःहून थांबतात, असा आमचा दोन-तीन घरांतला अनुभव आहे. एका आजोबांनी तिसऱ्या गाण्याला मांडीवर ताल धरला होता आणि विचारल्यावर साफ नाकारले.